गोड न सोसणारें मूल

गर्भांतील मूत्रपिंड, त्यांतील एक अतिसूक्ष्म द्रव्य, आणि तें द्रव्य नेमकें कोठें व केव्हां दिसूं लागतें याची चौकशी, असा आजच्या भाषणाचा विषय आहे. तो ऐकून आपणांपैकीं कित्येकांस वाटेल, कीं ही बाब वैद्यांची. संध्याकाळीं चहा घेत बसलेल्या गृहस्थाला किंवा गृहिणीला तिचें काय? कांहीं वर्षांपूर्वीं मीही असेंच म्हटलें असतें. मी वैद्य नव्हे. सारा जन्म मुलांना शिकविण्यांत गेला. परंतु शाळेंतल्याच एका प्रसंगानें मला या विषयाच्या दाराशीं आणून सोडलें. म्हणून तो प्रसंग आधीं सांगतों.

माझ्या वर्गांत एक मुलगा होता. फार हुशार नव्हे, मठ्ठही नव्हे. अबोल होता एवढेंच. संमेलनाच्या दिवशीं सर्व मुलांना दोन दोन पेढे वाटले. यानें ते हातांत घेतले आणि हळूच खिशांत टाकले. मीं विचारलें तेव्हां खालीं मान घालून म्हणाला, “मला गोड नको.” मुलाला गोड नको, ही गोष्ट माझ्या बुद्धीला पटेना. मला तीं लाडावलेल्या पोराचीं सोंगें वाटलीं. “माझ्या देखत खा,” असें मीं दरडावलें, आणि त्यानें दोन्ही पेढे खाल्ले. अर्ध्या तासाच्या आंत तो पांढराफटक पडला, अंगाला दरदरून घाम सुटला, ओकाऱ्या झाल्या, आणि तो बाकावर आडवा झाला. घर जवळच होतें. आई धांवत आली. ती मला एका शब्दानेंही रागें भरली नाहीं. मुलाला हुशारी यावी म्हणून मीं शिपायाला साखरपाणी आणावयास सांगितलें, तेव्हां मात्र ती घाबरून म्हणाली, “नको, मास्तर, साखर नको! ह्याला गोड सोसतच नाहीं हो. तान्हा असतांना मधाचें बोट चाटवलें, तेव्हांपासून हें असेंच.” तिनें घरून भाताची पेज आणविली व घोट घोट पाजली, आणि मुलगा हळूहळू सांवरला.

मीं मनांत म्हटलें, बायकांच्या समजुती! त्याच वर्षीं मुलांचे दांत तपासावयास डॉक्टर आले होते. साऱ्या वर्गांत एकही दांत किडलेला नाहीं असा हा एकच मुलगा निघाला. त्या दोन गोष्टींचा परस्परांशीं कांहीं संबंध असेल, हें माझ्या स्वप्नांतही आलें नाहीं.

त्या मुलाला काय होत असे, हें मी आजही निश्चयानें सांगूं शकत नाहीं. त्याची तपासणी झाली नाहीं, आणि पुढें तो कोठें गेला हेंही मला ठाऊक नाहीं. परंतु नोकरी संपल्यावर वाचनांत एका रोगाचें वर्णन आलें, आणि वाचतां वाचतां तो बाक, तो घाम आणि ती पेज माझ्या डोळ्यांपुढें उभीं राहिलीं. त्या रोगाचें मूळ एका विकराच्या अभावांत आहे. तें विकर शरीरांत मोजक्याच घरीं राहतें, आणि त्या घरांपैकीं एक म्हणजे आपलें मूत्रपिंड. त्या घरांत तें कोणत्या खोलींत आणि केव्हां राहावयास येतें, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

प्रथम विकर म्हणजे काय तें पाहूं. अन्न शरीरांत जळतें असें आपण म्हणतों. परंतु चुलींतल्या लांकडासारखें तें एकदम जळत नाहीं. लहान लहान पायऱ्यांनीं तें मोडलें जातें, आणि प्रत्येक पायरीवर एक कामगार नेमलेला असतो. हा कामगार म्हणजे विकर. इंग्रजींत त्याला एंझाइम म्हणतात. विकरें बहुधा प्रथिनांचीं बनलेलीं असतात. आपल्या कामांत तीं अत्यंत तरबेज असतात. पण एकाचें काम दुसऱ्याला सहसा येत नाहीं. सोनाराच्या आजारपणांत लोहार दुकान चालवूं शकत नाहीं, तसेंच हें आहे.

आपल्या विकराचें नांव आल्डोलेज. १९३४ सालीं मायरहोफ व लोमान या जर्मन शास्त्रज्ञांनीं स्नायूंच्या अर्कांत याचें कार्य ओळखलें. साखरेच्या रेणूंत सहा कार्बन-अणूंची साखळी असते. फॉस्फेटाची जोड लागून ती साखळी तयार झाली, म्हणजे आल्डोलेज ती मधोमध तोडून तीन-तीन अणूंचे दोन तुकडे करतें. गरज पडली तर हेंच विकर उलट कामही करतें, म्हणजे दोन तुकडे जोडून पुन्हां सहांची साखळी बांधतें. मोडणें आणि जोडणें हीं दोन्ही कामें एकाच हाताचीं, ही गोष्ट आपण ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग आहे.

१९६६ सालीं पेनहोएट, राजकुमार व रटर यांनीं अमेरिकेंत दाखवून दिलें, कीं सस्तन प्राण्यांच्या शरीरांत आल्डोलेज एकाच प्रकारचें नसून त्याचे तीन प्रकार आहेत. आपण त्यांना अ, ब आणि क म्हणूं. ‘अ’ मुख्यतः स्नायूंत असतें, ‘क’ मेंदूंत, आणि ‘ब’ यकृत, मूत्रपिंड व लहान आंतडें या तीन ठिकाणीं. तिघें भाऊच, पण ‘ब’च्या अंगीं एक विशेष गुण आहे. मधांत व फळांत जी फलशर्करा असते, तिच्यापासून शरीरांत बनणारा एक विशिष्ट पदार्थ चटकन् तोडणें हें ‘ब’लाच नीट साधतें, ‘अ’ला तें काम जवळजवळ येतच नाहीं.

आतां मूत्रपिंडाकडे वळूं. कमरेच्या वर, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस हीं दोन पिंडें असतात. प्रत्येकांत सरासरीनें दहा लाखांच्या आसपास सूक्ष्म नळ्या असतात; कोणाच्यांत त्याहून बऱ्याच कमी, कोणाच्यांत बऱ्याच अधिक. अशा एका नळीस नेफ्रॉन म्हणतात. तिच्या तोंडाशीं केशवाहिन्यांचा एक लहानसा गुच्छ असतो, आणि त्या गुच्छाभोंवतीं नळीचें टोंक द्रोणासारखें पसरलेलें असतें. या द्रोणाचा नळीशीं असलेला संबंध १८४२ सालीं बोमन या इंग्रज वैद्यानें स्पष्ट केला. गुच्छांतून रक्तांतलें पाणी व त्यांत विरघळलेले पदार्थ गाळून नळींत येतात. दिवसभरांत सुमारें १८० लिटर द्रव असा गाळला जातो. मूत्र मात्र दीड लिटरच्या आसपास होतें. मग बाकीचें जातें कोठें? तें नळीच्या भिंतींतून परत रक्तांत घेतलें जातें. दिवाळीच्या आधीं आपण माळ्यावरचें सर्व सामान अंगणांत काढतों आणि हवें तें उचलून पुन्हां घरांत नेतों, कचरा तेवढा बाहेर राहतो. मूत्रपिंडाचीही हीच रीति आहे. हें परत उचलण्याचें मोठें काम नळीच्या पहिल्या वळणदार भागांत होतें. सुमारें दोन-तृतीयांश पाणी आणि जवळजवळ सर्व साखर येथेंच परत घेतली जाते. या भागास आपण ‘आद्य नलिका’ म्हणूं. आपल्या ‘ब’ विकराची खोली ती हीच.

आतां हें घर बांधलें कसें जातें तें पाहूं. निसर्ग गर्भांत मूत्रपिंड एकदां नव्हे, तीनदां बांधतो. चौथ्या आठवड्यांत मानेच्या बाजूस पहिलें दिसतें व थोड्याच दिवसांत मावळतें. मागोमाग त्याच्या खालीं दुसरें उभें राहतें; तें कांहीं आठवडे टिकून तिसऱ्या महिन्यांत बव्हंशीं लोप पावतें. पांचव्या आठवड्यांत, दुसऱ्याच्या नळीला तळाशीं एक कोंब फुटतो, आणि तो जवळच्या पेशींच्या ढिगांत शिरतो. हेंच तिसरें, कायमचें मूत्रपिंड. कोंब ढिगाला चेतवितो, ढीग कोंबाला फांद्या फोडावयास लावतो. एकाशिवाय दुसऱ्याचें चालत नाहीं. कोंबाच्या प्रत्येक नव्या टोंकाशीं पेशी गोळा होतात, त्यांची लहानशी पोकळ गोळी बनते, ती वाकून स्वल्पविरामासारखी दिसते, आणि मग इंग्रजी ‘एस’ अक्षराप्रमाणें दुहेरी वळण घेते. या ‘एस’च्या खालच्या वळणापासून गुच्छाभोंवतालचा द्रोण होतो, मधल्यापासून आद्य नलिका होते, आणि वरचा भाग शेवटची नळी होऊन कोंबाच्या फांदीला मिळतो.

नवे नेफ्रॉन नेहमीं पिंडाच्या बाहेरच्या कडेस जन्मतात, ही येथें विशेष लक्षांत घेण्याजोगी गोष्ट आहे. हें काम नवव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतें व ३४ ते ३६ आठवड्यांपर्यंत चालतें. त्यामुळें सहाव्या महिन्यांतील गर्भाचें मूत्रपिंड एखाद्या भरलेल्या शाळेसारखें असतें. बाहेरच्या ओसरीवर बिगरीचीं पोरें, आंतल्या दालनांत मधल्या इयत्ता, आणि अगदीं आंत मॅट्रिकचा वर्ग. बाहेरून आंत एक फेरी मारली, कीं नेफ्रॉनाच्या वाढीच्या साऱ्या इयत्ता एकाच दृष्टिक्षेपांत दिसतात.

आतां मुख्य प्रश्न. या शाळेंत ‘ब’ विकर कोणत्या इयत्तेंत दिसूं लागतें? विकर डोळ्यांना दिसत नाहीं. मग तें शोधावयाचें कसें? १९४१ सालीं अमेरिकेंत कून्स व त्याचे सहकारी यांनीं एक युक्ति काढली. एखादें विशिष्ट प्रथिन ओळखून त्यालाच चिकटणारें प्रतिद्रव्य घ्यावयाचें, त्याला चमकणारा रंग जोडावयाचा, आणि तें कागदाहूनही पातळ अशा कापावर सोडावयाचें. जेथें तें प्रथिन असेल तेथें सूक्ष्मदर्शकाखालीं प्रकाश दिसतो, इतरत्र अंधार. अलीकडे एकेका पेशींतील कोणत्या जनुकाचें काम चालू आहे, हेंही वाचतां येतें.

या साधनांनीं जें चित्र दिसतें तें असें. आरंभीच्या गर्भांत सर्वत्र ‘अ’ प्रकारच काम भागवितो. बाहेरच्या कडेवरील पेशींचा ढीग, तेथली पोकळ गोळी, यांना ‘ब’ची ओळखही नसते. ‘एस’चें वळण उलगडून मधला भाग आद्य नलिकेचें रूप घेऊं लागला, म्हणजे त्याच भागाच्या पेशींत ‘ब’ प्रगट होतें, आणि नलिका जसजशी पक्व होते तसतसें वाढतें. गुच्छांत तें दिसत नाहीं. शेवटच्या नळींत काम ‘अ’कडेच राहतें. म्हणजे एकाच नळीच्या दोन भागांत दोन भाऊ वेगळे नांदतात. आणि दिवे आधीं आंतल्या दालनांत लागतात, बाहेरची ओसरी सर्वांच्या शेवटीं उजळते. आजचे अभ्यासक तर गर्भाच्या मूत्रपिंडांतली एखादी पेशी आद्य नलिकेची आहे कीं नाहीं हें ओळखण्यासाठीं ‘ब’ विकराच्या जनुकाची खूण उपयोगांत आणतात.

परंतु मातेच्या उदरांतील बालक ना मध चाटतें, ना फळ खातें. मग हा कामगार इतक्या आधीं कशाला नेमला? येथें मघाची गोष्ट आठवावी: हेंच विकर जोडण्याचेंही काम करतें. शरीराला उपासाच्या वेळीं द्राक्षशर्करा नव्यानें बनवावी लागते. तें काम मुख्यतः यकृत करतें व त्याला मूत्रपिंडाची आद्य नलिका हातभार लावते. गर्भाला मातेच्या रक्तांतून साखर अखंड मिळत असते. पण नाळ कापली त्या क्षणीं तो पुरवठा तुटतो. त्या घटकेला सामग्री जुळवीत बसावयास वेळ नसतो. म्हणून ती आधींच जुळवून ठेविलेली असते.

आणि कोणाच्या जन्मांतच ही सामग्री सदोष असली तर? १९५६ सालीं इंग्लंडांत चेंबर्स व प्रॅट यांनीं एका २४ वर्षांच्या स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. लहानपणापासून तिला फळें व साखर खाल्ली कीं मळमळ व घेरी येई. फलशर्करेनेंच हें होतें असें त्यांनीं ओळखलें. पुढच्याच वर्षीं स्वित्झर्लंडांत फ्रोश व त्याच्या सहकाऱ्यांनीं एकाच कुटुंबांतील असे रोगी दाखविले, आणि हा दोष आनुवंशिक असल्याचें कळून आलें. १९६१ सालीं बेल्जममध्यें हर्स व जोआसँ यांनीं मूळ पकडलें: या रोग्यांच्या यकृतांत ‘ब’ आल्डोलेज आपलें काम करीत नाहीं. १९८८ सालीं त्या विकराच्या जनुकांतील सर्वांत अधिक आढळणारी चूकही सांपडली. सुमारें ३६० घटकांच्या त्या साखळींत १४९ व्या जागीं एका घटकाऐवजीं दुसराच आला आहे, आणि त्याला कारण जनुकाच्या लेखांतील एकाच अक्षराचा फरक. शुद्धलेखनाच्या वह्या तपासण्यांत ज्याचा जन्म गेला, त्याला हें वाचून काय वाटलें असेल, याची आपणच कल्पना करावी. मुलाला हा रोग होण्यास आई व बाप या दोघांकडूनही सदोष जनुक यावें लागतें. एकाकडूनच आलें तर प्रकृतीस कांहीं बाध येत नाहीं. म्हणून आईबाप स्वतः ठणठणीत असतात, आणि मुलाचें दुखणें कोणास उमगत नाहीं.

विकर कोठें राहतें हें एकदां कळलें, कीं रोगाचीं सारीं लक्षणें आपोआप उलगडतात. फलशर्करा पोटांत गेली, कीं यकृत, आंतडें व मूत्रपिंड यांतील पेशी तिला फॉस्फेटाची जोड देतात. पुढें तोडणारा ‘ब’ नाहीं. म्हणून तो पदार्थ तेथेंच तुंबतो, पेशींतील फॉस्फेट अडकून पडतें, आणि त्यांची कार्यशक्ति खचते. ओकाऱ्या होतात. यकृताला आपल्या साठ्यांतली साखर रक्तांत सोडतां येत नाहीं, व नवी बनवितांही येत नाहीं. म्हणून गोड खाऊनच रक्तांतील साखर उतरते, घाम सुटतो, भान हरपतें. फलशर्करा वारंवार पोटांत जात राहिली, तर यकृत सुजतें, आणि मूत्रपिंडाची आद्य नलिका आपलें उचलण्याचें काम विसरते; मग परत घ्यावयाचीं मोलाचीं द्रव्यें मूत्रावाटे वाहून जातात, मुलाची वाढ खुंटते, आणि दुर्लक्ष झालें तर प्राणावर बेततें. स्नायू व मेंदू यांचें काम ‘अ’ व ‘क’ पाहतात. त्यांच्या घरीं हा बिघाड नसतो. परंतु रक्तांतली साखर उतरली, कीं मेंदूचीही उपासमार होते.

त्या बाईची पेजही आतां उलगडते. नेहमींच्या साखरेचा रेणू म्हणजे निम्मी द्राक्षशर्करा व निम्मी फलशर्करा. मीं मागविलेलें साखरपाणी त्या मुलाला आणखी खोल लोटणारें ठरलें असतें. भाताच्या पिष्टापासून मात्र निव्वळ द्राक्षशर्करा होते. ती त्याला चालत होती. आणि आयुष्यांत साखर शिवली नाहीं म्हणून दांत किडले नाहींत. या रोग्यांचे दांत फार चांगले असतात, असें वैद्यांच्या ग्रंथांतही लिहिलेलें आहे. ज्या गोष्टीला मीं समजूत म्हणून हिणविलें, ती एका आईनें मुलाकडे डोळे उघडे ठेवून मिळविलेली विद्या होती.

आतां आपल्या घरापुरत्या दोन-तीन गोष्टी सांगतों. आईच्या दुधांतील दुग्धशर्करेंत फलशर्करा नसते. म्हणून असलें मूल अंगावर पीत असेतोंवर निरोगी व गुटगुटीत दिसतें. दुखणें सुरू होतें तें वरचें गोड सुरू झालें म्हणजे. आपल्याकडे तर नवजात बालकाला मधाचें बोट चाटविण्याची व मधांत बाळगुटी उगाळून देण्याची चाल आहे. पहिले सहा महिने आईच्या दुधावांचून कांहीं देऊं नये, आणि वर्षाच्या आंत मध तर मुळींच देऊं नये, असें वैद्य सांगतात. याचें मुख्य कारण निराळें आहे: मधांत कधीं कधीं असणाऱ्या एका जंतूच्या बीजांपासून तान्ह्या मुलांस प्राणघातक विषबाधा होऊं शकते. पण हा नियम पाळला, तर आपल्या रोग्यांचेंही त्या कोंवळ्या वयांत रक्षण होतें.

दुसरी गोष्ट. वरचें अन्न सुरू झाल्यावर गोड किंवा फळ दिलें कीं मूल ओकतें, मलूल होतें, घामाघूम होतें, आणि हें पुन्हां पुन्हां घडतें, असें दिसलें तर तें गोड बंद करून डॉक्टरांना दाखवावें. आणि काय खाल्लें व किती वेळानें काय झालें, हें लिहून न्यावें. रक्तांतील जनुकांची तपासणी करून आज निदान करतां येतें. घरीं गोड चारून परीक्षा पाहूं नये. निदान झालें, तर औषधांत गोड सिरप नाहीं ना, शिरेंतून द्यावयाच्या पाण्यांत फलशर्करा किंवा सॉर्बिटॉल नाहीं ना, हें डॉक्टरांना प्रत्येक वेळीं सांगावें. अशा पाण्यानें रोगी दगावल्याचीं उदाहरणें नमूद आहेत. पथ्य एवढेंच, कीं साखर, गूळ, मध, फळें व सॉर्बिटॉल टाळावयाचीं. तें वेळेवर पाळलें, तर मूल इतरांसारखें वाढतें व पूर्ण आयुष्य जगतें. हा रोग विरळा आहे. गोड नको म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाला तो असतो असें मुळींच नाहीं.

श्रोतेहो, मूल जन्मास येण्यापूर्वींच कित्येक महिने, कोणाच्या नकळत, एका सूक्ष्म नळीच्या एका वळणावर एक दिवा लागतो. तो लागला कीं नाहीं, हें मुलाच्या आईलाही ठाऊक नसतें, मग मास्तरांना कोठून असणार? परंतु मूल स्वतः सांगत असतें. त्याच्याजवळ कारण नसतें, एक ‘नको’ तेवढें असतें. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या ‘नको’ला मीं सोंग म्हटलें. तो आज कोठें असेल तेथें सुखांत असो. आणि योगायोगानें हें भाषण त्याच्या कानीं पडलें, तर त्या दोन पेढ्यांबद्दल मी त्याची मनःपूर्वक क्षमा मागतों.